युरोपातील आगगाडीच्या प्रवासाची आखणी
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. या व्यासपीठावरून आजवर शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवरसूचक मंडळ अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलत आल्या. आम्ही जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या कुटुंबांतील मुलेमुली जर्मनी, हॉलंड, आयर्लंड अशा देशांत नोकरी-शिक्षणासाठी गेली, आणि त्यांच्यामागून आईवडिलांचेही तिकडे जाणे सुरू झाले. उन्हाळा जवळ आला की तीनचार घरांतून आमच्याकडे निरोप येतो, “तुम्ही दोनदा जाऊन आलात, कार्यक्रम कसा आखावा ते सांगा.” प्रत्येकास निराळे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांस सांगावे म्हणून हा विषय घेतला.

आरंभीच एक कबुली देतो. आमचा पहिला प्रवास सपशेल फसला होता, आणि त्यास आमची आखणीच कारण झाली होती.

सन २०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता आणि आमच्या थोरल्या वहिनी असे तिघे निघालो. वहिनींचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, म्युनिक येथे असतो. त्याच्या घरी नुकताच मुलगा झाला होता आणि आजी येईल त्या दिवशी बारसे करावयाचे असे ठरले होते. मुलाची आत्या राहिली ठाण्यास. तेव्हा कानात नाव सांगण्याचा मानही आजीकडेच आला होता. वहिनींनी स्वतःच्या हातांनी खणाची कुंची शिवून घेतली होती. त्यांच्यापुरता हा सारा प्रवास तेवढ्यासाठीच होता. आम्ही मात्र विचार केला की एवढा विमानखर्च करून जावयाचे तर युरोप पाहूनच यावे. खरे सांगावयाचे तर त्याच्या आदल्या संमेलनात एका सद्गृहस्थांनी आपण बारा नगरे पाहिल्याचे सांगितले होते, आणि तो आकडा आमच्या मनात बसला होता.

पॅरिसचे जाण्यायेण्याचे विमानतिकीट स्वस्त मिळाले, ते घेऊन टाकले. मग नकाशावर पट्टी ठेवून नऊ नगरे गुंफली. पॅरिसहून ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम, तेथून म्युनिक आणि पुन्हा पॅरिस. दिवस पंधरा. नकाशावर ही माळ मोठी सुबक दिसली. हिशेबनिसाची खोड म्हणून आम्ही हेही मोजले की पॅरिसला आरंभ आणि पॅरिसलाच शेवट धरला, तर उरलेल्या आठ नगरांचे क्रम ४०,३२० होतात. त्यांतून आपण सर्वांत आखूड वाट काढली याचा आम्हांस अभिमान होता. जे मोजावयाचे ते मात्र मोजले नाही. पॅरिस ते ब्रुसेल्स दीड तासाच्या आत, पुढे अ‍ॅमस्टरडॅम दोन तास, तेथवर ठीक. अ‍ॅमस्टरडॅमहून बर्लिन सहा तासांच्या वर, बर्लिनहून प्राग चार तासांच्या वर, प्रागहून व्हिएन्ना चार, व्हिएन्नाहून व्हेनिस साडेसात-आठ, तेथून रोम सुमारे चार, रोमहून म्युनिक नऊ आणि म्युनिकहून पॅरिस सहा. एकूण पंचेचाळीस तासांच्या आसपास केवळ गाडीत बसण्याचे! त्यांत सामान बांधणे, स्थानक गाठणे, वाट पाहणे, पुन्हा नव्या नगरात मुक्कामाची जागा शोधणे हे धरलेलेच नाही.

येथे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. गाडी दोन तासांची असो वा चार तासांची, नगर बदलले की अर्धा दिवस गेलाच असे समजावे. हॉटेलवाला सकाळी दहा-अकराला खोली सोडावयास लावतो आणि नवी खोली दुपारी दोन-तीनच्या आत देत नाही. मधल्या वेळात मनुष्य बोचक्यांचा राखणदार होतो. मोठ्या स्थानकांवर सामान ठेवण्याचे कुलूपबंद कप्पे असतात हे खरे, पण ते भरलेलेही असतात. नऊ नगरे म्हणजे असे नऊ अर्धे दिवस, म्हणजे पंधरातले साडेचार दिवस, हा हिशेब आम्ही घरी परत आल्यावर मांडला.

आता फसगत कशी झाली ते सांगतो. रोमहून म्युनिकला जाताना इटलीत व्हेरोना येथे गाडी बदलावयाची होती. स्वस्त पडतात म्हणून आम्ही दोन गाड्यांची दोन स्वतंत्र तिकिटे दोन वेगळ्या कंपन्यांकडून काढली होती. मध्ये अठ्ठावीस मिनिटे होती. आम्हांस ती पुष्कळ वाटली; दादरला आपण पुलावरून याहून कमी वेळात गाडी बदलतो. पण पहिली गाडीच चाळीस मिनिटे उशिरा पोचली. दुसरी निघून गेली होती, आणि आमची तिकिटे त्याच एका गाडीपुरती असल्याने ती कागदाच्या किमतीची झाली. तिकिटे जोडलेली नसल्यामुळे दोन्ही कंपन्यांनी हात वर केले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पुढची गाडी दोन तासांनी. तिचे तिकीट पूर्ण भाड्याने तिघांचे घेतले. ती गाडीही जर्मनीच्या सीमेवर पोलिसांच्या तपासणीसाठी थांबून राहिली.

बारशाची वेळ सायंकाळी सातची. सोसायटीचा छोटा दिवाणखाना नऊपर्यंत मिळाला होता आणि शेजारची मंडळी लहान मुले घेऊन आली होती. पुतण्याने दूरध्वनी केला की आम्ही थांबतो. वहिनींनी आमच्याकडे पाहिलेही नाही. त्या त्यास म्हणाल्या, “पोरेबाळे ताटकळत ठेवू नकोस, पाळणा हलवून घे. नाव तुझ्या सासूबाईंनी सांगावे.” मग पाळणा निदान ऐकावा म्हणून त्यांनी यंत्र कानाशी धरले, पण गाडी डोंगरातून चाललेली; बोगदा आला की आवाज तुटे. आम्ही साडेनऊला घरी पोचलो तेव्हा मूल झोपले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे पॅरिसची गाडी, कारण परतीचे विमान तेथूनच होते. वहिनी पॅरिसपर्यंत एक शब्द रागाचा बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरे वाटले असते.

असो. मध्यंतरी महामारीची वर्षे गेली. २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा जाण्याचे ठरले तेव्हा वहिनींनी स्वतःच अट घातली : “भाऊजी, या खेपेस वही माझ्याजवळ राहील.” त्यांनी वहीत नगरांची नावे लिहिलीच नाहीत, प्रथम रात्री लिहिल्या. एकंदर सोळा रात्री, त्यांतल्या सहा म्युनिकच्या, आणि त्या अगदी आरंभी. मुलाबाळांचे घर शेवटी ठेवले तर वाटेतला सगळा उशीर त्या घराच्या वाट्यास येतो, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. आखणीचे हे पहिले सूत्र आम्ही त्यांच्याकडून शिकलो. उरलेल्या दहांत व्हिएन्ना तीन, व्हेनिस दोन, फ्लॉरेन्स दोन, रोम तीन.

दुसरी सुधारणा विमानाच्या तिकिटाची. ज्या नगरी उतरावयाचे तेथूनच परतले पाहिजे असा काही नियम नाही. एका नगरी उतरून दुसऱ्याहून परतण्याचे तिकीट एकाच कंपनीकडे एकत्र मिळते आणि पुष्कळदा साध्या परतीच्या तिकिटाहून फारसे महाग नसते. आम्ही म्युनिकला उतरलो आणि रोमहून परतलो. त्यामुळे मागे फिरून एक पाऊलही टाकावे लागले नाही. म्युनिकहून व्हिएन्ना चार तास, तेथून व्हेनिस साडेसात-आठ, तेथून फ्लॉरेन्स सव्वादोन, तेथून रोम दीड. एकूण सोळा तासांच्या आत. पहिल्या खेपेस पंचेचाळीस! ज्यांस गाड्यांचा हिशेब पटत नाही त्यांनी एवढ्या दोन आकड्यांकडे पाहावे.

परवान्याचीही एक गंमत या आखणीत झाली. शेंगेन करारातील देशांसाठी एकच व्हिसा चालतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. (ब्रिटन त्यांत नाही, लंडन जोडावयाचे तर निराळा व्हिसा व निराळा खर्च.) अर्ज मात्र ज्या देशात सर्वांत अधिक दिवस राहावयाचे त्या देशाच्या वकिलातीकडे करावा लागतो, दिवस समान असतील तर जेथे प्रथम प्रवेश, त्या देशाकडे. आमच्या वहीत जर्मनीच्या सहा रात्री आणि इटलीच्या तीन नगरांच्या मिळून सात! पुतण्याचे निमंत्रणपत्र जर्मनीचे आणि अर्ज इटलीकडे, असा पेच होऊ लागला. तेव्हा म्युनिकच्या दोन रात्री वाढवून आठ केल्या आणि एकूण मुक्काम अठरा रात्रींचा झाला. कायद्याचे एवढे अचूक पालन करण्याचा उत्साह वहिनींनी पूर्वी कधी दाखविला नव्हता. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी करावयाचा असतो. प्रवासविमा निदान तीस हजार युरोचा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धती सुरू झाली आहे, म्हणून प्रथम प्रवेशाच्या दिवशी विमानतळावरून लगेच सुटणारी गाडी धरू नये.

आता पासाविषयी. युरेल पास हा युरोपाबाहेरच्या लोकांसाठी १९५९ साली सुरू झाला आणि आज तेहतीस देशांत चालतो. पुष्कळ लोकांची समजूत असते की पास घेतला म्हणजे कोणत्याही गाडीत जाऊन बसावे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांत बहुतांश गाड्यांपुरते ते खरे आहे. पण फ्रान्स, इटली, स्पेन येथील जलद गाड्यांस पास असूनही जागा राखावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. फ्रान्समधील काही गाड्यांत तर पासधारकांसाठी जागाच मोजक्या असतात. वय साठ पूर्ण असल्यास पासात दहा टक्के सवलत आहे, आणि चार ते अकरा वर्षांची मुले मोठ्यांबरोबर विनामूल्य जातात. तेव्हा ज्यास कार्यक्रम मोकळा ठेवून वारंवार गाडीत बसावयाचे आहे, त्यास पास उपयोगी. आमच्यासारखे चारच मोठे प्रवास असतील तर दोन-तीन महिने आधी काढलेली साधी तिकिटे स्वस्त पडतात. आम्ही दोन्ही रकमा वहीत समोरासमोर मांडल्या आणि पास घेतला नाही.

गाडी बदलावयाची असेल तर संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घ्यावे, यावर आमचा आता कटाक्ष आहे. एकच तिकीट असले म्हणजे पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तरी पुढे पोचविण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे, काही अपवाद सोडता, साठ मिनिटे उशीर झाल्यास तिकिटाच्या पंचवीस टक्के आणि दोन तासांच्या वर झाल्यास पन्नास टक्के परत मागता येतात. जर्मन लोक वक्तशीर, अशी आपली लहानपणापासूनची श्रद्धा आहे. रेल्वेच्या बाबतीत ती सोडावी. २०२४ साली तेथील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हा त्यांच्या लेखी उशीरच नव्हे. म्हणजे दर आठ गाड्यांत तीन उशिरा! जुने लोहमार्ग दुरुस्तीसाठी महिनोन् महिने बंद ठेवण्याचे कामही तेथे चालले आहे. फ्रँकफुर्ट व मानहाइम यांमधला मार्ग २०२४ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत असाच बंद होता. म्हणून गाडी बदलण्यास निदान एक तास ठेवावा, आणि दिवसातील शेवटच्या गाडीवर कधीही विसंबू नये. पुढे आणखी एक गाडी उरली आहे, एवढे पाहून ठेवले की मन स्वस्थ राहते.

वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास बदलते, हेही ध्यानी असू द्यावे. टॉमस कुक कंपनीचे युरोपचे छापील वेळापत्रक १८७३ पासून निघत असे. ते २०१३ मध्ये बंद झाले आणि पुढच्या वर्षापासून त्याच्या जुन्या संपादकवर्गाने स्वतंत्रपणे ते चालू ठेवले. आज बहुतेक काम भ्रमणध्वनीवर होते, आणि जर्मन रेल्वेच्या स्थळावर इतर देशांतील गाड्याही दिसतात. गेल्या वर्षीच्या कुणाच्या कार्यक्रमाची नक्कल का करू नये याचे उदाहरण देतो. ऑस्ट्रियात ग्राट्सहून क्लागेनफुर्टला आगगाडीने जाण्यास पूर्वी सुमारे तीन तास लागत. डिसेंबर २०२५ मध्ये कोरआल्मचा तेहतीस किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि तेच अंतर पाऊण तासावर आले.

रात्रीच्या गाडीविषयी तरुण मंडळी फार विचारतात. जर्मन रेल्वेने आपले शयनयान २०१६ अखेर बंद केले, तेव्हा त्यातील बऱ्याच गाड्या ऑस्ट्रियन रेल्वेने नाइटजेट या नावाने चालविण्यास घेतल्या. एका रात्रीचे हॉटेल वाचते, हे खरे. पण गाडी सकाळी लवकर पोचविते आणि खोली मिळते दुपारी. साठीच्या पुढच्या माणसाने न झोपता तेवढा वेळ परक्या नगरात काढावा असे आम्हांस वाटत नाही. शिवाय व्हिएन्नाहून व्हेनिसची वाट रात्री झोपून घालविणे म्हणजे पैसे देऊन डोळे मिटणे होय. त्या वाटेवर सेमरिंगचा घाट लागतो. कार्ल फोन गेगा या अभियंत्याने बांधलेला हा एकेचाळीस किलोमीटरचा मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. चौदा बोगदे आणि सोळा मोठे पूल, त्यांतील काही दुमजली कमानींचे. आपल्या बोरघाटातून गाडी गेली ती १८६३ मध्ये, म्हणजे नऊच वर्षांनी. सौ. खिडकीशी बसली होती. ती एकदम म्हणाली, “कर्जत सोडल्यासारखे वाटते नाही?” बटाटेवडा मात्र कुठे आला नाही.

स्थानकांच्या नावांचा घोटाळा फार होतो. एकाच नगरात अनेक अंतिम स्थानके असणे मुंबईकरास नवे नाही. पॅरिसमध्ये ब्रुसेल्सची गाडी उत्तरेच्या स्थानकावर, म्युनिकची पूर्वेच्या, इटली व स्वित्झर्लंडची गार द लियोंवर. तिकिटावर स्थानक पाहिल्याशिवाय ‘पॅरिस’ एवढ्यावर निघू नये. व्हेनिसला मेस्त्रे हे स्थानक मुख्य भूमीवर आहे. पाण्यातील नगरासाठी पुढे सांता लुचियापर्यंत बसून राहावे. नावेही देशोदेशी बदलतात. व्हिएन्नास तेथील लोक वीन म्हणतात, फ्लॉरेन्सला फिरेंझे. सर्वांवर कडी म्हणजे इटालियन लोक म्युनिकला मोनॅको म्हणतात! व्हेरोनाच्या त्या वाईट दुपारी सौ. घाबरून विचारीत होती की आपण समुद्रकाठच्या मोनॅकोला तर निघालो नाही ना. काही गाड्या वाटेत दुभंगून त्यांचे डबे निरनिराळ्या गावी जातात; म्हणून फलाटावरील फलकाबरोबर डब्यावरील नावही वाचावे.

हमाल तेथे नाहीत, असेच धरून चालावे. आपले सामान आपणच उचलून दोन-तीन उंच पायऱ्या चढावयाचे. प्रत्येकी एकच चाकांची पेटी, आणि ती घरीच जिन्यावरून चढवून-उतरवून पाहावी. वहिनींच्या गुडघ्यांची परीक्षा आम्ही अशीच घेतली आणि तीन किलो लोणची-पापड कमी केले. खाद्यपदार्थांविषयी एक इशारा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. तेव्हा नातवंडांसाठी पेढे, साजूक तूप घेऊन जाऊ नये. हापूसही फळांच्या आरोग्यदाखल्याशिवाय चालत नाही. नारळास मात्र मुभा आहे. त्यामुळे ओटी भरण्याची अडचण येत नाही. मेतकूट, भाजणी, दडप्या पोह्यांचे पोहे यांवर आमचे चारही गाडीप्रवास निर्वेध पार पडले.

म्युनिकच्या आठ दिवसांत आम्ही बाहेरगावी एकदाच गेलो. बव्हेरिया प्रांताचे दिवसभराचे एकत्र तिकीट साध्या गाड्यांत पाच माणसांपर्यंत मिळून चालते आणि ते सीमेपलीकडे साल्झबुर्गपर्यंतही ग्राह्य असते. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर निघावे लागते, एवढेच. सामान पुतण्याच्या घरीच राहिले आणि रात्री आपल्याच अंथरुणात येऊन झोपलो. एक मुक्काम धरून जवळची गावे पाहून येण्याची ही रीत वृद्धांस फार सोयीची आहे. उरलेले सात दिवस वहिनी घरीच होत्या. नातू पाच वर्षांचा झाला होता. कुंची त्याला होण्यासारखी राहिली नव्हती. ती त्याने आपल्या कापडी अस्वलास घातली होती आणि त्याच्या कानात तो स्वतःचेच नाव सांगत असे. व्हिएन्नाच्या गाडीपर्यंत तो आम्हांस पोचवावयास आला. फलाटावरील नकाशात आपला डबा अ, ब, क यांपैकी कोणत्या अक्षरापाशी उभा राहील ते दाखविलेले असते. ते अक्षर त्याने शोधून आजीला तेथे नेऊन उभे केले.

ज्यांस आमच्या आखणीचा उपयोग व्हावा असे वाटेल त्यांच्यासाठी वहिनींच्या वहीची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. तीत रोजचा खर्च, गाड्यांच्या वेळा आणि मुक्कामांची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे. वेळा २०२४ च्या आहेत, तेव्हा त्या तशाच उतरून घेऊ नयेत. वही वाचावयास घरी नेली तर परत आणून ठेवावी. वहिनींस पुढील वर्षी ती पुन्हा लागणार आहे.